भाड्याची खुर्ची

"हे चाक आज हलणार नाही, वयनी."

"का? तुझ्या बापाने घडवलंय? धोंडू लोहाराने घडवलंय, आणि त्याचे पैसे मी दिलेत."

"बापावर जाऊ नका."

"मग तू वाटेवर येऊ नको."

चिंचपोकळी स्टेशनच्या पूर्वेच्या गल्लीत, एका तीनमजली चाळीच्या जिन्याच्या तोंडाशी हे चाललं होतं. सकाळचे नऊ वाजले होते. वाट अडवून उभा होता तो लवू घाडी, त्या गल्लीतल्या स्वयंसेवकांचा पुढारी. छातीवर बिल्ला, मागे सहा पोरगेले गडी. त्याच्यासमोर पदर खोचून शेवंती तावडे. आणि दोघांच्या मधोमध, चाकाच्या खुर्चीत, कमल. वय चोवीस. उजवा पाय मांडीपासून पावलापर्यंत प्लास्टरमध्ये, खुर्चीला ठोकलेल्या फळीवर सरळ पुढे काढलेला. पावलाचं टोक लवूच्या पोटावर रोखलेलं. भांडायचं तर त्या पायावरूनच भांडावं लागत होतं.

"आज हरताळ आहे," लवू म्हणाला. "दूध, डॉक्टर, ॲम्ब्युलन्स आणि मयत. बाकी चाक फिरायचं नाही. सभेत ठरलं तेव्हा तुम्हीही होतात. हात वर केला होतात."

"केला होता. मग आता हिला काय करू? मयत करू?"

मागचा एक स्वयंसेवक फिस्सकन हसला. लवूने मान वळवून त्याला गप्प केलं.

"ॲम्ब्युलन्स बोलवायची."

"बोलवलेली. इराण्याच्या दुकानातून मी फोन लावला होता, मागच्या खेपेला. पलीकडचा विचारतो, जीव धोक्यात आहे का. म्हटलं, नाही, तारीख आहे. त्याने फोन ठेवला. मरायला टेकला त्याला गाडी, धडधाकट आहे त्याला पाय. मधल्या माणसाने काय करायचं रे? टॅक्सीत हिचा पाय दुमडत नाही, दार लागत नाही. तूच सांग, काय करायचं?"

"उद्या न्या."

"उद्या डॉक्टर नाही. पुण्याचा डॉक्टर आहे तो, तीन महिन्यांतून एकदा येतो परळच्या इस्पितळात. हरताळ आहे म्हणून कालच येऊन राहिलाय बिचारा. बारापर्यंत बसतो आणि जातो. आज हिचं प्लास्टर कापणार, पट्ट्याचं माप घेणार. पट्टा बांधला की ही उभी राहील. कळलं? उभी. नऊ महिन्यांनी."

कमलच्या गुडघ्याच्या हाडात क्षय भरला होता. तो आता विझत आला होता. नऊ महिने ती दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत खिडकीशी पडून गिरगावच्या एका छापखान्याची प्रुफं तपासत होती. त्या नऊ महिन्यांत शेवंतीने तिला दोनदा इस्पितळात नेऊन आणलं होतं.

लवूने कमलच्या पायाकडे बघितलं आणि नजर काढून घेतली. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर ही गोष्ट दोन वाक्यांत संपली असती. पंधरा दिवस तुरुंगात काढून आलेला, पाठीवर काठीचे वळ असलेला, गल्लीत कुणाच्याही अडीअडचणीला धावणारा. त्याला खरोखरच मार्ग काढायचा होता. आणि असा माणूस मार्ग काढायला बसला की भल्याभल्यांची वाट लागते.

"अडचण रुग्णाची नाही, वयनी. अडचण तुमची आहे. तुम्ही भाडं घेता. भाडं घेतलं की धंदा झाला. इराण्याने दुकान बंद ठेवलं, टांगेवाला घरी बसला, आणि तुमची खुर्ची चालू? मग टांगेवाल्याला मी काय तोंड दाखवू?"

"आणि नाही घेतलं भाडं तर?"

"तर सेवा. सेवेला कोण अडवतोय?"

"चाकं तीच, रस्ता तोच, पाय तोच?"

"तोच."

"फक्त नानाच्या पोटात काही जाता नये."

नाना म्हणजे खुर्चीच्या मुठी धरून उभा असलेला पन्नाशीचा बदली कामगार. खुर्ची उचलायला नेहमी दोघं असत; आज दुसरा आला नव्हता, म्हणून जिन्यावर दुसरी बाजू शेवंतीनेच धरली होती. त्याने खाकरून घेतलं. "मी आपला आलो," तो म्हणाला. "काल शब्द दिला होता."

शेवंतीचा राग समजायला हवा असेल तर तिच्या सासूकडे जायला हवं.

शेवंती राहायची लालबागला. लग्न होऊन कणकवलीकडून आली तेव्हा सोळा वर्षांची होती. नवरा गिरणीत बॉयलरवर. लग्नाला दहा वर्षं झाली आणि सासूची डावी बाजू गेली. दर आठवड्याला तिला परळला विजेचे उपचार घ्यायला न्यायचं होतं. चाळीतली माणसं लाखमोलाची. "आपलीच म्हातारी" म्हणत त्यांनी तिला खुर्चीसकट उचललं. दोन महिने सगळं छान चाललं. मग नळावर कुणी मध्ये घुसलं की शेवंतीने बोलायचं नाही, कारण त्याच्या भावाने म्हातारीला उचललेलं. कुणी तिच्या दारात कचरा लोटला तरी हसायचं, कारण पुढच्या आठवड्यात त्याचेच खांदे लागणार. एकदा दोघं गडी म्हातारीला जिन्याच्या उघड्या वळणावर टेकवून विडी ओढायला म्हणून गेले आणि रेडिओवरच्या क्रिकेटमध्ये अडकले. म्हातारी पाऊण तास उन्हात. शेवंती मीठमसाला आणायला गेलेली, ती परत आली तेव्हा सासूचं लुगडं ओलं झालेलं. शेवंती तरातरा निघाली त्या दोघांना जाब विचारायला. सासूने चालत्या हाताने तिचा पदर धरला.

"गप रव गो. बोललंस तर पुढल्या येळाक कोण येवचो नाय."

त्यानंतर म्हातारीने एक गोष्ट केली. ज्या दिवशी जायचं त्याच्या आदल्या दुपारपासून ती पाणी प्यायची नाही. कुणाला सांगितलं नाही. जीभ कोरडी पडलेली शेवंतीला दिसायची. सासू गेली तेव्हा शेवंती रडली नाही. तिला राग आला होता, आणि तो राग तिने गिळला नाही, कामाला लावला.

जुन्या बाजारातून तिने कारकुनाची वेताची खुर्ची उचलली. चिंचपोकळीच्या वर्कशॉपात धोंडूने तिला मागे सायकलची दोन चाकं लावली, पुढे एक लहान. माणूस घसरू नये म्हणून गिरणीतल्या टाकाऊ चामडी पट्ट्याचा कमरबंद केला. उचलायला माणसं तिला गिरणीच्या गेटवर मिळायची. पहिल्या पाळीचा भोंगा झाला की बदली कामगार तिथे उभे असतात. जेवढे लागले तेवढे आत, उरलेले घरी. त्या उरलेल्यांतून शेवंती दोघं निवडायची, हात बघून. हात मऊ असला तर नको म्हणायची, थरथरला तरी नको.

तिचे नियम होते. भाडं उचलण्याआधी सांगायचं, येऊन जाऊन दोन रुपये. तंबाखू नाही. "थांबा" हा शब्द फक्त बसणाऱ्याचा, तो ऐकला की पाय जागच्या जागी. आणि पैसे घरातल्या कुणाचेही असोत, ते बसणाऱ्याच्या हातून द्यायचे.

"हे का?" पहिल्या खेपेला कमलने विचारलं होतं.

"कारण ज्याच्या हातून पैसे मिळतात त्याच्या तोंडाकडे माणूस बघतो," शेवंती म्हणाली होती. "नाहीतर पायाकडे बघतात."

लालबागेत याबद्दल तिला काय काय म्हणत ते इथे लिहिण्यासारखं नाही. लिहिण्यासारखं एवढंच, की दुखणाईताच्या दुखण्यावर पोट भरते. तर अशा बाईला त्या सकाळी लवू सेवा म्हणजे काय ते सांगत होता.

"आमची सहा पोरं आहेत," तो म्हणाला. "अलगद नेतील, अलगद आणतील. एक पैसा नको. तुम्ही फक्त खुर्ची द्या."

"तू माका सेवा शिकवतस?" राग वर चढला की शेवंतीची भाषा गावाला जायची. "अश्रुधुराच्या वेळी तुझ्या नाकाशी कांदा धरणारी कोण होती? मी होते. लाटणं घेऊन मोर्च्यात मीही गेले आहे. त्याचं भाडं मागितलं? ते माझं होतं, मी दिलं. पण हे हिचं आहे. फुकट नेणाऱ्याला हळू चाल म्हणता येत नाही, लवू. तुला नाही कळायचं, तू कधी खुर्चीत बसला नाहीस."

जिन्यावरून कमलचा भाऊ उतरला. अच्युत, सरकारी कचेरीतला कारकून, आज हरताळाने घरी. त्याने सगळं वरून ऐकलं होतं.

"अहो, मग प्रश्न कुठे आहे? हे लोक नेतायत की."

"दादा," कमल म्हणाली.

"तू थांब गं. शेवंतीबाई, तुमचं एका दिवसाचं भाडं बुडतंय म्हणून तिची तारीख बुडवणार का तुम्ही?"

 असं बोलणं शेवंतीला नवीन नव्हतं, पण माणूस मार खाऊन खाऊन मार खायला शिकतो हे काही खरं नाही. तिने कमलकडे वळून विचारलं, "तू सांग. तुझा पाय आहे."

कमलच्या मांडीवर घड्याळ होतं, वडिलांचं. साडेनऊ झाले होते. सहा जणांनी वाट अडवलेली, भावाने हात झटकलेले. तिने सांगायचं तरी काय?

"जाऊ दे, मावशी. पोचू तर दे."

शेवंतीने कमरबंद पुन्हा एकदा ओढून बघितला, नानाला बाजूला केलं आणि मुठी लवूच्या पोरांकडे दिल्या. "मी मागून चालत येणार," ती लवूला म्हणाली. "चालण्यावर हरताळ नाही ना?"

गल्ली संपून मोठा रस्ता लागला. परळ डावीकडे. पथक उजवीकडे वळलं.

"अरे, इकडे कुठे?" शेवंती मागून ओरडली.

"पाच मिनिटं, वयनी. भायखळ्याकडून मोर्चा येतोय, त्याला सामील होऊ. मग मोर्च्याबरोबरच परळ. वाट मोकळी मिळेल, कोणी अडवणार नाही."

ऐकायला ते शहाणपणाचं होतं. मोर्चा आला. पुढच्या रांगेतल्यांना दिसलं की रस्त्याच्या मधोमध एक तरुण बाई प्लास्टरचा पाय घेऊन चाकाच्या खुर्चीत बसली आहे. पुढे काय झालं असेल ते त्या वर्षीच्या मुंबईला सांगायला नको. कुणी हात जोडले. कुणी कमलच्या हातात झेंडा दिला. कुणी तरी धावत जाऊन झेंडूचा हार आणला आणि तिच्या गळ्यात घातला. "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र" असं एकाने म्हटलं, आणि हजार गळ्यांनी "झालाच पाहिजे" म्हणून उत्तर दिलं.

कमललाही तो व्हायला हवा होता. तिने खिडकीशी पडून कितीतरी पत्रकांची प्रुफं तपासली होती, पदरचे दोन रुपये वर्गणी दिली होती. घोषणा ऐकून तिच्याही अंगावर काटा आला. पण तिने घड्याळ बघितलं आणि मागे मान वळवून म्हणाली, "थांबा. मला परळला जायचंय."

मुठी धरलेल्या गड्याने मान हलवली आणि आणखी जोरात ढकललं.

"थांबा," ती पुन्हा म्हणाली. मग आणखी तीनदा. खुर्ची मोर्च्याच्या पुढे लागली होती आणि मोर्चा एका मैदानाशी सभेला थांबला होता. लवूने खुर्ची व्यासपीठाशी नेऊन लावली. एका वक्त्याने कमलकडे बोट केलं. "ज्या भगिनीला उभं राहता येत नाही ती आज उभी राहिली आहे," तो म्हणाला. टाळ्यांचा कडकडाट झाला. भगिनी बसली होती. उभं राहायचं माप परळला होतं.

शेवंती कोपरांनी वाट काढत पुढे पोचली तेव्हा पावणेअकरा झाले होते. तिने लवूचा दंड धरला.

"फिरव खुर्ची."

"वयनी, भाषण चालू आहे. मधूनच उठवलं तर कसं दिसेल?"

"दिसू दे कसं ते. तो बारा वाजता जाणार."

"ताईंनाच विचारा ना, त्यांना किती बरं वाटतंय ते. बघा, रडतायत."

कमल खरंच रडत होती. लवूला ते कशाचं वाटलं ते त्याच्या तोंडावर स्पष्ट होतं, आणि त्या तोंडाकडे बघून शेवंतीला इतका संताप आला की तिने गड्याचा हात मुठीवरून उपटून काढला. गर्दी खवळली. "कोण ही बाई?" "सभा मोडायला आली काय?" कुणी म्हणालं, "ती भाडेवाली. भाडं बुडालं म्हणून कावलीय." लोक हसले. माणसं बाजूला होईनात. तेवढ्यात पलीकडून नाना घुसला. तो मागे मागे आलाच होता. दोघांनी मिळून खुर्ची फिरवली, तरी मैदानाबाहेर निघायला अकरा चाळीस झाले.

लालबागपर्यंत ते जवळजवळ पळत होते. रस्त्यावरच्या खडीने कमलचा पाय फळीवर आदळत होता. ती एकदाही "थांबा" म्हणाली नाही.

इस्पितळाच्या पायऱ्यांशी सव्वाबारा वाजले होते. चष्म्याच्या नर्सबाई दारातच भेटल्या.

"कमल वैद्य? तुमचं नाव तीनदा पुकारलं. साहेब पाच मिनिटं जास्त थांबले होते. आत्ताच गेले."

"आत्ताच म्हणजे?" शेवंती म्हणाली. "धावत जाऊन गाठते."

"अहो, मोटार गेली त्यांची. डॉक्टर आहेत ते, त्यांची मोटार सोडतात." मग त्यांचं लक्ष हाराकडे गेलं. "आणि हे काय? लग्नाला गेला होतात वाटेत?"

कमलने हार काढला. कुठे ठेवावा ते तिला कळेना, म्हणून तिने तो मांडीवरच ठेवला. नर्सबाईंनी कार्डावर तीन महिन्यांनंतरची तारीख लिहून दिली.

परत नेताना नाना सावकाश चालला. खुर्ची वर खोलीत पोचवल्यावर त्याने पैसे घ्यायला नकार दिला. त्यावरून शेवंती त्याच्यावरही कडाडली. "तूही सेवा करतोस काय रे? घे म्हणते ना." त्याने घेतले, कमलच्या हातून, आणि मान खाली घालून गेला.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी शेवंती कमलकडे बसली होती. प्लास्टरच्या आत खाज सुटली होती आणि ती विणायच्या सुईने खाजवून देत होती. दारात लवू आला. चपला बाहेर काढल्या, हातात नारळ आणि कागदाचा रोल.

"या, या," अच्युत उठला. "बसा."

लवू सतरंजीच्या कडेला बसला. "चुकलं आमचं," तो म्हणाला. त्याला हे म्हणायला जड गेलं होतं हे दिसत होतं. "वेळेचा अंदाज आला नाही. म्हणून काल बैठक घेतली. पुढच्या तारखेला आमचं पथक ताईंना नेणार. थेट इस्पितळ. एक पैसा नाही. आणि त्याआधी चाळीत ताईंचा सत्कार करायचा, असं सगळ्यांच्या मनात आहे. त्या दिवशी लोकांना फार स्फूर्ती मिळाली."

"वा," अच्युत म्हणाला. "हे झालं बघा माणुसकीचं."

शेवंती सुईकडे बघत होती.  बोलायचं कमलने होतं, आणि कमल उशीला टेकून सरळ बसली.

"लवूभाऊ, त्या दिवशी मी किती वेळा थांबा म्हटलं?"

"गर्दीत ऐकू नाही आलं, ताई."

"मुठी धरलेल्याला ऐकू आलं. त्याने मान हलवली."

"त्याला वाटलं असेल, तुम्ही संकोचाने म्हणताय."

"मी पाचदा म्हटलं. संकोच एकदा असतो."

"कमल," अच्युत म्हणाला, "ते घरी आलेत, नारळ घेऊन आलेत."

"दादा, मला बोलू दे. मला मोर्च्याला न्यायचं होतं तर विचारायचं होतं. मी आले असते. उद्याही येईन, हार न घालता. पण त्या दिवशी मी गुडघ्यासाठी निघाले होते." तिने लवूकडे बघितलं. "सत्कार नको. पथक नको. मी मावशींच्या खुर्चीतून जाणार आणि भाडं देणार. माझ्या प्रुफांच्या पैशांतून."

"फुकट मिळत असताना?" अच्युत हसण्याचा प्रयत्न करत म्हणाला.

"फुकट कुठे मिळालं? तीन महिने गेले."

लवू सत्काराच्या फलकाचा तो रोल गुंडाळत होता, उलगडत होता. शेवंतीला त्याची थोडी कीव आली असावी, कारण ती म्हणाली, "चहा घे, लवू." त्याने मान हलवून नको म्हटलं.

"मग ठरलं तुमचं," तो कमलला म्हणाला. "ठीक आहे. माझं काही म्हणणं नाही."

"तुमचं म्हणणं मला हवं आहे," कमल म्हणाली. तिने उशाखालून इस्पितळाचं कार्ड काढलं आणि तारीख त्याच्यासमोर धरली. "ही तारीख. त्या दिवशी पुन्हा हरताळ पडला, तर मी मावशींना दोन रुपये देऊन या जिन्याखाली बसलेली असेन. मुठी नानांच्या हातात असतील. धंदा म्हणा, काहीही म्हणा. चाक सोडाल का?"

लवूने कार्डावरची तारीख वाचली. अच्युतने चहाचा पेला त्याच्यापुढे सरकवला. शेवंतीने सुई खाली ठेवली आणि तीही आता लवूकडे बघत होती. बाहेर गॅलरीत कुणीतरी घोषणांचे फलक रंगवत होतं, खळीचा वास आत येत होता.

"सोडाल की नाही, एवढंच सांगा," कमल म्हणाली.

लवू उठला. नारळ त्याने सतरंजीवरच ठेवला, रोल काखेत मारला, उंबऱ्याबाहेर जाऊन चपलांत पाय घातले, आणि जिना उतरून गेला.